जनक एक, जीव अनेक

सूत्री विभाजन: एका पेशीच्या दोन पेशी, गुणसूत्रे तेवढीच, माणसात ४६. वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२मध्ये या क्रियेचे सविस्तर वर्णन केले. अर्धसूत्री विभाजनात चार पेशी, प्रत्येकीत २३; माणसात युग्मके (प्रजननपेशी) अशा बनतात.

अलैंगिक प्रजनन: युग्मकांचे मीलन नाही; एकाच जनकापासून, सूत्री विभाजनाच्या आधारे, नवा जीव.

• अमिबा: द्विविभाजन.
• यीस्ट: कलिकायन.
• हायड्रा: अंगावर मुकुल फुटते, वाढते, सुटे होते. १७४०च्या दशकात अब्राहम ट्रेंब्ली यांनी हायड्रा कापला, तर तुकड्यांतून पुन्हा अख्खे हायड्रा तयार झाले. हे पुनर्जनन.
• पानफुटी: पानाच्या कडेवरच रोपे.

केळी: खाण्याच्या बहुतेक वाणांत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून बी धरत नाही. जळगावच्या बागा कंद, मुनवे किंवा ऊतिसंवर्धित रोपांवर उभ्या राहतात. एका वाणाची झाडे जनुकीयदृष्ट्या जवळपास सारखी. ‘ग्रो मिशेल’ वाणाच्या निर्यातबागा विसाव्या शतकात याच सारखेपणामुळे पनामा रोगाने उजाड झाल्या.