माउथ ऑर्गन आणि घरातले तेल

बांबूच्या बासरीला चीर जाऊ नये म्हणून तिच्यावरून तेलाचा हात फिरविण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे, आणि शिलाई मशीनपासून दाराच्या बिजागरीपर्यंत जे जे कुरकुरते त्याला दोन थेंब तेल सोडावे हा तर घरोघरचा शिरस्ता आहे. त्यामुळे कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या माउथ ऑर्गनचा एखादा सूर अडखळू लागला, की मनुष्याचा हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे वळतो. बासरीवादक आपल्या वाद्यात केवळ फुंकर घालतो. माउथ ऑर्गन वाजविणारा मात्र ज्या छिद्रांत फुंकतो त्याच छिद्रांतून श्वास आत ओढतो. दहा छिद्रांच्या साध्या वाद्यात वीस रीड, म्हणजे कंप पावून सूर देणाऱ्या जिभल्या, असतात; त्यांतील दहा फुंकल्याने आणि दहा श्वास ओढल्याने वाजतात. म्हणजे या वाद्याचे अर्धे संगीत फुप्फुसांकडे निघालेल्या वाऱ्यावर उभे असते. या वाद्याला लावावयाच्या तेलाचा विचार म्हणूनच वाद्याच्या बाजूने आणि श्वासाच्याही बाजूने केला पाहिजे.

जर्मनीतील ट्रॉसिंगेन या गावी माथियस होनर याने १८५७ साली माउथ ऑर्गनचा कारखाना काढला आणि त्याच कारखान्यातून १८९६ साली ‘मरीन बँड’ हा नमुना बाहेर पडला; आजही जगभर वाजत असलेल्या या नमुन्याची रचना समजली म्हणजे प्रश्नाचा उलगडा पुष्कळसा होतो. मध्यभागी पेअरच्या, म्हणजे नासपतीच्या जातीच्या, लाकडाचा दातेरी गाभा, त्याच्या वर-खाली रीड बसविलेल्या दोन पितळी पट्ट्या, आणि त्यांवर पत्र्याची दोन झाकणे, एवढाच त्याचा संसार. ‘सोलवाँ साल’ (१९५८) आणि ‘दोस्ती’ (१९६४) या चित्रपटांत राहुलदेव बर्मन यांनी वाजविलेल्या माउथ ऑर्गनने आपल्याकडील कित्येक तरुणांना या वाद्याचे वेड लावले. अशा हौशी माणसांपुढे लवकरच एक अडचण उभी राहते: लाळेच्या ओलाव्याने कच्चा लाकडी गाभा फुगतो, त्याचे दाते पट्टीच्या बाहेर डोकावून ओठांना बोचतात, आणि तो सुकला की आकसून पट्ट्यांखाली फटी पडतात, ज्यांतून वारा व्यर्थ निसटतो. गाभा बाहेर काढून, काचेवर अंथरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करणे आणि मग लाकडाची तोंडे बंद करणे, हे घरच्या घरी करावयाच्या सुधारणेचे पहिले काम; आणि तेलाची खरी गरज असलीच तर ती येथे, या लाकडापुरती.

रीडला तेल लावण्याची मुभा कोणालाही, कोणत्याही सबबीवर देता येणार नाही. रीड ज्या खाचेत कंप पावते त्या खाचेच्या कडा आणि रीड यांमधील अंतर सामान्यतः केसाच्या जाडीहूनही कमी असते. तेथे शिरलेले तेल धूळ आणि लाळेचे कण धरून ठेवते, रीडच्या टोकाचे वजन वाढविते, आणि वजन वाढले की सूर उतरतो. अडखळणाऱ्या रीडला हवी असते स्वच्छता: वाजवून झाल्यावर छिद्रे खाली करून तळहातावर वाद्य हलकेच झटकावे, आणि मळ साचलाच तर पट्ट्या सोडवून कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. सूर अडण्याच्या बहुतेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

आता श्वासाची बाजू. नाकात व घशात खनिज तेल सोडण्याचा उपचार एके काळी सर्रास चाले, आणि अशा रोग्यांच्या फुप्फुसांत ते तेल साठून एक प्रकारचा न्यूमोनिया होतो, हे १९२५ साली लॉफलन या डॉक्टरने दाखवून दिले. खनिज तेल घशातून उतरताना खोकल्याची उबळ येत नाही, त्यामुळे शरीराचा पहिला पहारेकरीच गाफील राहतो. फुप्फुसांतील पेशी ते गिळतात, परंतु त्याचे विघटन करू शकत नाहीत. माउथ ऑर्गनला पुसलेल्या तेलाचे प्रमाण त्या उपचारांच्या मानाने अत्यल्प असते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि औषधाच्या दुकानातील लिक्विड पॅराफिन, म्हणजे हेच खनिज तेल, पोटात घेण्याचे रेचक आहे, सबब ते वाद्यातही निर्धास्त चालेल, असा जो युक्तिवाद केला जातो त्यातील फट येथे उघडी पडते; जठराला जे मानवते ते फुप्फुसाला मानवेलच असे नाही.

यावरून एक कसोटी निघते, आणि माझ्या मते ती सर्व कसोट्यांत मोलाची आहे: लाकडात मुरल्यावर जे तेल तेल म्हणून उरत नाही, तेच निवडावे. काही वनस्पतिज तेले हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतात आणि त्यांचा टणक पापुद्रा बनतो. चित्रकारांचे तैलरंग वाळतात ते याच गुणामुळे. हा गुण मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडिन शोषते ते पाहतात. जवसाच्या तेलाचा हा आकडा सुमारे १७० ते २०० भरतो, करडईचा १४०च्या आसपास, शेंगदाण्याचा ९०च्या आसपास, आणि खोबरेलाचा जेमतेम ८ ते १०. खोबरेल आणि शेंगदाणा तेल कितीही शुद्ध असले तरी लाकडात ओलेच राहतात, कालांतराने खवट होतात, आणि खवटपणातून सुटणारी आम्ले पितळी पट्टीवर हिरवट थर आणतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको. जवस आणि अक्रोड ही दोन तेले मात्र या कामास योग्य ठरतात.

जवसाचे तेल घेताना खातरजमा करावी ती दर्जाची. विदर्भात जे घाण्याचे तेल खाण्यात येते ते निराळे, आणि रंगाच्या दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारे निराळे. दुसऱ्यात ते लवकर वाळावे म्हणून कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंची संयुगे मिसळलेली असतात. क्रिकेटच्या बॅटला चोळण्यासाठी घरात असलेली अळशीच्या, म्हणजे जवसाच्याच, तेलाची बाटली खाण्याच्या दर्जाची असेलच असे नाही, म्हणून तीही दूर ठेवावी. खाण्याचे कच्चे तेल कापडाच्या बोळ्याने अगदी पातळ लावावे, पंधरा-वीस मिनिटांनी वरचे सर्व पुसून घ्यावे, आणि गाभा हवेशीर जागी तीन-चार आठवडे राहू द्यावा. पावसाळ्यात मुदत आणखी वाढवावी. हाताला चिकट लागेल किंवा तेलाचा उग्र वास येईल तोवर जोडणीची घाई करू नये. अक्रोडाच्या तेलाची पद्धत हीच; केवळ अक्रोडाची ॲलर्जी असणाऱ्याच्या हाती ते वाद्य जाणार नाही, एवढी दक्षता हवी.

ज्यांना इतका धीर नाही त्यांच्यासाठी शुद्ध मेण आहे, जे गरम करून लाकडात जिरविता येते, आणि लाखेचा चपडा आहे, जो स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. स्पिरिट पुरते उडून गेल्यावर त्याचे कवच निरुपद्रवी असते. मला स्वतःला चपडा अधिक पसंत आहे, कारण तो पातळ बसतो आणि पुढे दुरुस्तीला सुलभ जातो.

शिलाई मशीनचे तेल, गंज सोडविणारे फवारे, सुवासिक केशतेले यांचा प्रश्नच येत नाही. त्यांतील मिसळणीचा तपशील बाटलीवर क्वचितच असतो. मुखदुर्गंधी जावी म्हणून कोणी सुगंधी अर्काचा थेंब सोडतात, तोही घातक, कारण असे काही अर्क प्लॅस्टिकला खातात. संत्र्याच्या सालीच्या रसाने थर्माकोल विरघळते, हा त्याचा दाखला. क्रोमॅटिक प्रकारच्या माउथ ऑर्गनची बाजूची सरकपट्टी अडली तर ती काढून धुवावी. काही कारखाने तिच्यासाठी खास तेल विकतात, पण ते वाहत आतील प्लॅस्टिकच्या नाजूक झडपांवर गेले की त्या चिकटतात, म्हणून पाण्याच्या थेंबाने भागत असेल तर तेलाची तजवीज करू नये.

जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा काम झाल्यावर चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तेल प्राणवायू शोषताना उष्णता सोडते, आणि घडीत कोंडलेली ती उष्णता वाढत जाऊन कापड आपोआप पेट घेऊ शकते. अशा आगी लाकूडकामाच्या जागी लागलेल्या आहेत. बोळा उघडा पसरून घराबाहेर, दगडावर किंवा फरशीवर, कडक होईपर्यंत वाळवावा, अथवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात बंद करावा.