अक्षर चुकीचे दिसते तेव्हा

संगणकप्रणाली हाताळताना ती कितपत सहज उमगते, मनातले काम बिनचूक पार पडते की नाही आणि कुठे अडखळायला होते, या साऱ्याला मिळून 'वापरकर्त्याचा अनुभव' म्हटले जाते. तो सुधारायचा तर वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकाव्यात, हे आता सर्वांना मान्य आहे. परंतु तक्रार ऐकणे आणि तिचे मूळ शोधणे ही दोन निराळी कामे असून दुसरे काम अधिक कठीण आहे, हे मराठी संगणकलेखनाच्या इतिहासातून फार स्पष्टपणे दिसते.

या इतिहासाचा मोठा भाग पुण्यात घडला. १९८८ मध्ये येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट' हे भारतीय लिपींचे तंत्रज्ञान तिच्याकडे आले. येथल्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची 'श्री-लिपी' ही लेखनप्रणाली छपाईच्या व्यवसायात रुळली. तर पुण्याच्याच ऑटोमॅटिक कंट्रोल इक्विपमेंट्सचे नाव ज्यांच्या २००३ च्या स्वामित्वहक्काच्या नोंदीत आढळते ते 'लोहित' फाँट, म्हणजे अक्षराकृतींचे संच, रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले.

पडद्यावर एखादे अक्षर चुकीचे दिसले की वापरणारा एवढेच म्हणतो की 'हे बरोबर उमटत नाही', आणि त्याने त्याहून अधिक सांगावे अशी अपेक्षाही रास्त नव्हे. दोष मात्र चार ठिकाणी असू शकतो: कळफलकावर, अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत, फाँटमध्ये, किंवा सुट्या वर्णांपासून जोडाक्षर रचणाऱ्या प्रोग्राममध्ये. म्हणूनच कोणती कळ दाबली, कोणता फाँट होता, कोणत्या यंत्रावर काय दिसले, हे चित्रासह टिपणारी दोषनोंद मोलाची ठरते.

मराठी लिहिणाऱ्यांच्या तीन जुन्या तक्रारींना तीन वेगवेगळ्या थरांवर उत्तरे मिळाली. 'बॅट'मधला उच्चार शब्दाच्या आरंभी आला की मराठी माणूस 'अ'वर चंद्र देतो. पण हिंदीची गरज पाहून ठरलेल्या रचनेत त्याला 'ऍ' मिळत असे, आणि 'ऍप' किंवा 'ऍसिड' ही रूपे मराठी डोळ्यांना खटकत राहिली. येथे संकेतप्रणालीतच उणीव होती, आणि २००८ मधील युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत 'ॲ'ला स्वतंत्र स्थान मिळाल्यावर ती भरून निघाली. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालाही अद्ययावत केली.

'ल' आणि 'श' यांचे उत्तर वेगळे होते. पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही मराठीची वळणे, आणि त्यांच्या जागी हिंदी वळणाची अक्षरे दिसणे ही तक्रार अगदी खरी; तरीही त्यांना नवे क्रमांक देणे चुकीचे ठरले असते, कारण अक्षरे तीच आहेत, वळण तेवढे निराळे आहे. त्यामुळे एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणे ठेवून मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळताच मराठी वळण निवडण्याची सोय करण्यात आली. संकेतस्थळ तयार करणाऱ्याने भाषा नोंदवलीच नाही, किंवा हिंदी अशी नोंदवली, तर उत्तम फाँट असूनही वळण हिंदीच राहते, आणि वाचक फाँटला दोष देतो.

सर्वांत गुंतागुंतीची तक्रार अर्ध्या 'र'ची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. रफार आणि आडवा र यांच्यातला हा भेद ज्या प्रणालीला दाखवता येत नाही, तिच्यात मराठी नीट लिहिताच येत नाही. युनिकोडने आडव्या 'र'साठी नुक्तायुक्त 'ऱ'ला हलन्त जोडण्याची पद्धत दिली, पण साधा 'र', हलन्त आणि 'झिरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य जोडचिन्ह ही जुनी पद्धतही मागील मजकुरासाठी चालू ठेवली. लिहिणाऱ्याची अडचण त्यामुळे दूर झाली, मात्र शोधणाऱ्याची नवी अडचण उभी राहिली: पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे 'दुसऱ्या' हे दोन शब्द संगणकाच्या लेखी भिन्न असतात. 'ॲ'चेही तेच झाले, कारण पूर्वी अनेकांनी 'अ'ला चंद्र जोडून तो लिहिला होता आणि युनिकोड ही दोन रूपे आपोआप एक मानत नाही. काही नव्या प्रणालींत तर त्या जुन्या मजकुरात अक्षराजवळ ठिपक्यांचे वर्तुळ उमटते.

वर्तुळ दिसले तर तक्रार येते. शोध लागला नाही तर बहुधा येत नाही, कारण 'गोऱ्हे' किंवा 'बऱ्हाणपूर' लिहून काही सापडले नाही की ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकच नाही, मतदारयादीत नावच नाही, असे वापरणारा समजतो आणि निघून जातो. ही उणीव अभिप्रायांच्या ढिगातून कधीच वर येणार नाही. ती प्रणाली बांधणाऱ्यानेच नाव दोन्ही पद्धतींनी लिहून तपासली पाहिजे आणि अनुक्रमणिका रचतानाच दोन्ही रूपे एक धरली पाहिजेत.