पळणं मोजलं, पानातलं राहिलं

फेब्रुवारी १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्राविरुद्ध रणजी पदार्पण करताना राहुल द्रविडने ८२ धावा केल्या, तेव्हा तो बंगळुरूत कॉलेजात शिकत होता. त्या वयाच्या खेळाडूचं मोजमाप धावफलकावरच संपायचं. वडील जॅम बनवणाऱ्या कंपनीत होते, म्हणून मित्रांनी त्याचं नाव ‘जॅमी’ पाडलं. त्याच्या खाण्यापिण्याची लोकांना माहीत असलेली नोंद बहुधा एवढीच!

हाच मराठी घरातला मुलगा २०२१ मध्ये एका जाहिरातीत स्वतःला ‘इंदिरानगरचा गुंडा’ म्हणवत गाडीतून गरजला. तेव्हा तो बंगळुरूतल्याच राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचा प्रमुख होता आणि खेळाडूंच्या शरीराचा हिशेब ठेवण्याची रीत पार बदलली होती.

त्या बदलाची चाहूल २००२ च्या सुमारास लागली. दक्षिण आफ्रिकेचे एड्रियन ल रू भारतीय संघाचे ट्रेनर म्हणून आले आणि व्यायामाला शिस्त लागली. पुढे डॅनिश शास्त्रज्ञ येन्स बँग्सबो यांची यो-यो चाचणी आली. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद दम घ्यायचा आणि दर टप्प्याला वेग वाढवायचा. २०१७ मध्ये १६.१ गुणांची अट संघनिवडीच्या आड येऊ लागली. पाठीवरच्या जीपीएस यंत्राने कोण किती आणि कोणत्या वेगाने पळाला ते सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये हाडांची घनता आणि चरबी दाखवणारा डेक्सा स्कॅनही निवडीच्या निकषांत आला. २०२५ मध्ये ल रू परतले, सोबत ‘ब्रॉन्को’ चाचणी घेऊन: २०, ४० आणि ६० मीटरच्या जाऊन-येऊन फेऱ्या पाच वेळा, न थांबता एकूण १२०० मीटर.

पानातल्या अन्नाचा हिशेब मात्र इतका सोपा निघाला नाही. त्याचा पाया हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने घातला. १९७१ मध्ये सी. गोपालन आणि सहकाऱ्यांची भारतीय अन्नपदार्थांची पोषणकोष्टकं निघाली, २०१७ मध्ये ५२८ पदार्थांची नवी कोष्टकं आली. २०११ मध्ये बंगळुरूत तुषार वशिष्ठ आणि मॅथ्यू चेरियन या तरुणांनी रोज शंभर रुपयांत जगून पाहिलं आणि किती पैशांत किती उष्मांक मिळतात याचा हिशेब मांडला. पुढच्याच वर्षी तिथेच त्यांचं ‘हेल्दीफाय-मी’ हे ॲप सुरू झालं. पोळी, इडली, सांबार फोनमध्ये नोंदवता येऊ लागलं. आता ताटाचा फोटोही चालतो.

पण फोटोत डोसा दिसतो, त्यात किती तेल मुरलंय ते दिसत नाही. माझी वाटी आणि तुमची वाटी सारखी नसते. शिवाय स्वतःचं खाणं नोंदवताना माणसं बहुधा कमीच लिहितात, हे संशोधनात वारंवार आढळलं आहे. पळण्याची नोंद यंत्र घेतं, खाण्याची अजून खेळाडूच्या शब्दावर चालते.

कॉलेजच्या खेळाडूला हे सर्वांत जास्त नडतं. स्कॅन आणि जीपीएस संघात पोहोचलेल्यांसाठी. वसतिगृहात राहणाऱ्याच्या हाती फोन असतो आणि पुढ्यात मेसचं ताट. ऊर्जेच्या खर्चाच्या मानाने खाणं अपुरं पडलं की मुलींची पाळी अनियमित होते, हाडं कमकुवत होतात, मुलांचाही दम तुटतो. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये नाव दिलं: रेड-एस. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत बास्केटबॉलपटू शबाझ नेपियरने आपण कधीकधी उपाशी झोपतो असं सांगितलं. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने वरच्या विभागातल्या खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली. भूक मोजायला त्यांना नवं यंत्र लागलं नाही.

२०२२ मध्ये बंगळुरूतच खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. तिथे धावलेली मुलं आपापल्या मेसमध्ये परतली. त्यांच्यासाठी पहिली नोंद मेसने ठेवावी: सकाळच्या सरावानंतर अंडी, दूध, उसळ किती वाढली आणि किती जणांना पुरली. ॲपचा उपयोग त्यानंतर.