नसलेल्या इमारतीतली भाषा

अनेक वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला कोणी त्या भाषेत स्टेशनचा रस्ता विचारला, की तो गोंधळतो. शब्द त्याला ठाऊक असतात, व्याकरणात गुणही मिळालेले असतात. मग अडते कुठे? दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, वर्गात त्याला त्या भाषेची खरी गरज कधी पडलेलीच नसते. स्टेशनचा रस्ता विचारणाऱ्या बाईंना तो आधीच माहीत आहे, हे मुलाला पक्के ठाऊक असते! दुसरी म्हणजे, चुकलो तर सगळे हसतील ही धास्ती.

परदेशी गेलेल्या माणसापुढे गरज आपोआप उभी राहते. बोलता आले नाही, तर दुकानातून हवी ती वस्तू मिळत नाही. पण सगळा वर्ग काही आपण परदेशी नेऊ शकत नाही. मग बोलण्याची गरज पडेल अशी जागा वर्गातच निर्माण करता येईल का? भाषाशिक्षणातील आभासी परिसरामागे हाच विचार आहे.

असा परिसर उभा करायला संगणकच लागतो असे नाही. परदेशी विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवण्यासाठी फ्रांसिस दबिझेर यांनी १९८६ साली एक पुस्तक काढले. त्याच्या नावाचा अर्थ 'इमारत'. वर्गाने मिळून एक इमारत कल्पायची. मजले किती, कोणत्या घरात कोण राहते, त्याचे वय काय, धंदा काय, हे सारे विद्यार्थ्यांनीच ठरवायचे. मग प्रत्येकाने एकेक रहिवासी व्हायचे. शेजाऱ्याला चिठ्ठी लिहायची, जिन्यात सूचना लावायची, भांडायचे आणि समेटही करायचा. सगळे अर्थात फ्रेंचमध्ये.

संगणकांच्या जाळ्यामुळे दूरदूरची माणसे अशा एका जागेत भेटू लागली. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ साली सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी वाढवलेला एक खेळ ही त्याची सुरुवात. त्यात चित्र एकही नव्हते. 'उत्तरेकडे जा' अशा अर्थाची इंग्रजी आज्ञा टंकली, की पुढच्या जागेचे वर्णन पडद्यावर उमटे. याच धर्तीवर १९९४ साली इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी 'श्मूझ विद्यापीठ' सुरू झाले. यिडिश भाषेतून आलेल्या 'श्मूझ' या शब्दाचा अर्थ गप्पा मारणे. निरनिराळ्या देशांतले विद्यार्थी टोपणनाव घेऊन तिथे वावरत आणि टंकून गप्पा मारत.

इथे शिकणे कसे घडते? समोरच्याला आपले म्हणणे कळले नाही, तर आपण तेच वेगळ्या शब्दांत सांगतो. तोही 'म्हणजे काय?' असे विचारतो. अर्थ जुळवण्याच्या या खटपटीत भाषा पक्की होते, असे मायकेल लाँग या भाषातज्ज्ञांनी १९८०च्या दशकात मांडले. शिवाय टोपणनावामुळे चुकीची लाज कमी वाटते. चूक त्या रहिवाशाची असते, आपली नव्हे!

मर्यादाही आहेत. टंकून उच्चार सुधारत नाहीत. २००३ साली 'सेकंड लाइफ' हे चित्रमय जग आले आणि २००७मध्ये त्यात आवाजाची सोय झाली, तेव्हा ही उणीव भरून निघाली. पण आवाजाबरोबर बोलण्याची धास्तीही काही प्रमाणात परत येते. आता डोळ्यांवर चढवायच्या उपकरणाने माणूस थेट परक्या बाजारात उभा राहिल्यासारखा होतो. मात्र ते महाग असते आणि काहींना त्याने मळमळते. शिवाय, करायला काही काम नसेल तर कितीही सुंदर बाजारात मूल गप्पच राहील.

म्हणून सामग्रीआधी काम ठरवावे. उपकरण नसलेल्या शाळेतही फळ्यावर चार मजली इमारत काढता येते. मुलांना घरे आणि नावे वाटून द्या. मग तिसऱ्या मजल्यावरचे पाणी बंद करा. ही तक्रार त्यांनी फक्त इंग्रजीतच मांडायची. एका बिऱ्हाडाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसावी, एवढी दक्षता घ्या, म्हणजे विचारावेच लागेल. मुले बोलत असताना चुका सुधारू नका. त्या टिपून ठेवा आणि खेळ संपल्यावर, कोणाचेही नाव न घेता, सर्वांसमोर मांडा.