खटला खुनाचा, प्रश्न भूमीचा

२६ ऑक्टोबर १८६४. आजच्या कॅनडाच्या पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियातील क्वेनेल गावात त्सिल्कोतिन जमातीच्या पाच जणांना एकाच वेळी फासावर चढवण्यात आले. आरोप खुनाचा होता. त्यांचा म्होरक्या क्लात्सासिन मात्र अखेरपर्यंत सांगत राहिला की आम्ही खून केले नाहीत, युद्ध केले.

ब्रिटिश कोलंबिया ही वसाहत १८५८ची. कॅरिबू भागात सोने सापडले आणि तिथवर पोहोचायला आल्फ्रेड वॉडिंग्टन या व्यावसायिकाने समुद्रकाठच्या ब्यूट इनलेटपासून रस्ता काढायला घेतला. तो रस्ता त्सिल्कोतिनांच्या मुलखातून जाणार होता. त्यांच्याशी ना करार झाला होता, ना त्यांनी जमीन विकली होती. त्यातच १८६२च्या देवीच्या साथीने वस्त्याच्या वस्त्या ओस पाडल्या होत्या.

१८६४च्या वसंतात रस्त्याच्या तळावरून पीठ चोरीला गेले. तिथल्या एका गोऱ्याने संशयितांची नावे वहीत लिहून घेतली आणि तुम्हा सर्वांना देवीने मारू, असे धमकावले. ज्यांनी नुकतीच आपली माणसे पुरली होती, त्यांना ही धमकी पोकळ वाटणे शक्यच नव्हते. एप्रिलअखेरीस होमाथ्को नदीकाठी त्सिल्कोतिनांच्या हल्ल्यात १४ गोरे मारले गेले.

सरकारी तुकड्यांनी उन्हाळाभर डोंगर पालथे घातले, पण क्लात्सासिन हाती लागला नाही. मग तंबाखू पाठवून निरोप धाडला गेला. तंबाखू म्हणजे सलोख्याची खूण. बोलणी होणार या भरवशावर ऑगस्टमध्ये तो साथीदारांसह आला आणि बेड्यांत अडकला. शरणागतीची ही रीत खुद्द खटला चालवणारे न्यायाधीश मॅथ्यू बेग्बी यांनाही खटकली होती. तरी शिक्षा टळली नाही. पुढच्या वर्षी, भरपाई देऊन तंटा मिटवायला निघालेल्या आहान या त्सिल्कोतिनालाही पकडून फाशी देण्यात आली.

इंग्रजी कायद्यात युद्धात शत्रूला मारणे हा खून ठरत नाही. त्यामुळे त्सिल्कोतिन हे स्वतंत्र राष्ट्र की राणीची प्रजा, यावरच सारे अवलंबून होते. न्यायालयाने त्यांना प्रजा गृहीत धरले. ज्युरीत त्यांचा एकही माणूस नव्हता. रस्ता कोणाच्या जमिनीवर होता, हे कोणी विचारलेच नाही. एकदा गुन्हेगार म्हटले की त्यांच्या हक्काविषयी बोलायची गरज उरत नाही. अशा खटल्यांचे खरे काम हेच होते.

जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर यायला दीडशे वर्षे लागली. जून २०१४मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १,७५० चौरस किलोमीटर भूमीवर त्सिल्कोतिनांची मालकी मान्य केली. २६ मार्च २०१८ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत सहाही जणांना निर्दोष जाहीर केले. माफी गुन्हेगाराला दिली जाते. त्सिल्कोतिनांना ती नको होती. आपले पूर्वज स्वतःच्या भूमीसाठी लढले, एवढेच सरकारने मान्य करावे, ही त्यांची मागणी होती आणि ती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडली नाही.