भंगारातली ऑस्टिन, शर्यतीची गाडी

१९४७च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये खासगी गाड्यांना मिळणारा पेट्रोलचा मूळ कोटा बंद झाला आणि जुन्या गाड्यांचा बाजार बसला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकणारा कॉलिन चॅपमन कॉलेज सांभाळून जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. हातातला माल मिळेल त्या भावाला काढून टाकल्यावर त्याच्याकडे एक जुनी ऑस्टिन सेव्हन उरली. तिला गिऱ्हाईक नव्हतं. त्याची मैत्रीण हेझल विल्यम्स उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलला आईवडिलांकडे राहायची. त्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने गाडी उघडली आणि हेझलच्या मदतीने, मिळेल त्या फावल्या वेळात, ती नव्याने बांधली. १९४८ साली तिथून बाहेर पडलेली गाडी म्हणजे पहिली लोटस.

मोटार शर्यतींच्या इतिहासात ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते, आणि दर वेळी भर असतो तो चॅपमनच्या बुद्धीवर. बुद्धी होतीच. पण त्या वर्षांत ब्रिटनभर कितीतरी माणसं दिवसभराची नोकरी संपवून, जेवण उरकून, घरच्या गॅरेजमध्ये हेच करत होती, आणि बहुतेकांच्या समोर याच जातीची गाडी उघडून पडलेली असायची. मला या गोष्टीत चॅपमनइतकंच मोल वाटतं ते त्या गाडीचं आणि तिच्याभोवती नियम आखणाऱ्या एका क्लबचं.

गाडी जन्मली तीही घरातच. सर हर्बर्ट ऑस्टिन यांच्या कंपनीची अवस्था पहिल्या महायुद्धानंतर बिकट झाली होती, आणि इतकी छोटी गाडी काढण्याची कल्पना संचालकांना पटत नव्हती. तेव्हा त्यांनी स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला आपल्या राहत्या घरी आणलं आणि बिलियर्डच्या खोलीत बसून दोघांनी आराखडे काढले. १९२२ साली ऑस्टिन सेव्हन बाजारात आली. थोड्याच काळात तिचं इंजिन ७४७ सीसीचं झालं. चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, ताकद जेमतेम दहा हॉर्सपॉवर. गाडीचं वजन साधारण साडेतीनशे किलो. १९३९पर्यंत जवळपास २ लाख ९० हजार गाड्या बनल्या. म्हणजे दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा देशातल्या प्रत्येक गावात, प्रत्येक भंगारवाल्याकडे या गाडीचे सुटे भाग पडलेले होते. नवी गाडी मिळणं तर दुरापास्तच होतं, कारण कारखान्यांतला बहुतेक माल परदेशी चलनासाठी निर्यात होत होता.

या गाडीची रेसकार करायची म्हणजे पहिलं काम काढून टाकण्याचं. छत, दारं, मागची सीट, मडगार्ड, सगळं उतरवलं की खाली उरते ती चासी: पुढे जवळ येणाऱ्या आणि मागे फाकणाऱ्या दोन पोलादी पट्ट्या. त्यांचा छेद उघड्या पन्हाळीसारखा असल्याने वळणावर त्या पिळवटायच्या. मग उघड्या बाजूवर पत्रा वेल्ड करून पट्टीची बंद पेटी करायची. चासीचा ताठपणा त्याने लगेच वाढतो, आणि खर्च फक्त पत्र्याचा आणि एखाद्या शनिवारचा. चॅपमनने पहिल्या गाडीत आणखी पुढचा विचार केला. ॲल्युमिनियम चढवलेल्या प्लायवुडची बॉडी त्याने अशी जोडली की तिनेच चासीला पीळ सोसायला मदत करावी. तो विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवायला शिकला होता, आणि विमानाचं कवच स्वतः भार उचलतं हे त्याने पाहिलं होतं.

पुढच्या चाकांना एकच आडवा पाटा होता आणि मागे अर्धवट लांबीचे दोन. मूळ गाडी उंच बसायची; हे पाटे सपाट करून घेतले की ती खाली यायची. पुढचा ॲक्सल मधोमध कापून बिजागरीसारखा जोडायचा, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलतील, अशी लेस्ली बॅलमी यांची एक युक्ती होती. ती पुष्कळांनी उचलली. ब्रेक तारांचे. सुरुवातीच्या मॉडेलांत तर पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या चाकांना लागायचा. अशा गाडीने शर्यतीच्या वेगात वळणाशी जायचं तर ब्रेकवर घालवलेली प्रत्येक संध्याकाळ सार्थकी लागते, आणि सगळ्यांत कंटाळवाणं कामही तेच असतं.

खरी परीक्षा इंजिनात होती. या इंजिनाचा क्रँक पुढे एक आणि मागे एक अशा दोनच बेअरिंगवर फिरायचा. मधे तिसरा आधार आला तो १९३६ साली. दोन टोकांना धरलेला क्रँक जास्त आरपीएमला मधोमध वाकतो. आवाज बदलतो, गाडी थरथरते, आणि तरी पाय दाबून ठेवला तर क्रँक तुटतो. तेलाची व्यवस्थाही तशीच: फिरत्या क्रँककडे तेलाच्या धारा सोडायच्या आणि त्याने त्या झेलायच्या. त्यामुळे ताकद वाढवणाऱ्याला हाव आवरावी लागे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट आतून साफ गुळगुळीत करायचे, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक बसवायच्या, दोन कार्बुरेटर लावायचे, आणि हे सगळं क्रँक किती सोसेल याचा अंदाज घेत. पाठ्यपुस्तकात वाचलेला पीळ, ताण, थकवा इथे हातात तुटलेला तुकडा होऊन यायचा. ज्याला नवा क्रँक स्वतःच्या पगारातून आणायचा आहे, तो हा धडा विसरत नाही.

गाडी बांधून पळवायची कुठे, हा प्रश्न युद्धानेच सोडवला. ब्रुकलंड्सचा जुना ट्रॅक शर्यतींना कायमचा मुकला होता, पण युद्धात लष्करी विमानांसाठी बांधलेले विमानतळ ओस पडले होते. १९४८ साली सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड इथे शर्यती सुरू झाल्या, दोन्ही जुन्या विमानतळांवर. दुसरीकडे, ऑस्टिन सेव्हनवर प्रेम करणाऱ्यांनी १९३९ मध्येच ७५० मोटर क्लब स्थापन केला होता. ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे संपादक बिल बॉडी त्यामागे होते. युद्धानंतर क्लबचा प्राण झाले हॉलंड बर्केट. हे पेशाने गुरांचे डॉक्टर. क्लबने ७५० फॉर्म्युला आखला. गाडी वाटेल तशी बांधा, पण ती ऑस्टिन सेव्हनच्याच भागांवर उभी राहिली पाहिजे. एका ओळीच्या या अटीने पैशाची मस्ती दाराबाहेर राहिली. श्रीमंतालाही तोच दोन बेअरिंगचा क्रँक, आणि कारकुनालाही तोच. जॅक फ्रेंच यांची ‘सिंप्लिसिटी’ ही त्या सुरुवातीच्या काळातली नावाजलेली गाडी.

क्लबच्या पत्रिकेतून आणि बैठकांतून एकाने शोधलेलं दुसऱ्याला कळायचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकट्याने गाडी बांधणारा माणूस अडतो तो बहुधा पैशाला नव्हे, माहितीला.

चॅपमनची लोटस मार्क ३ याच फॉर्म्युल्यासाठी १९५१ साली बनली. मायकेल आणि नायजेल ॲलन या भावांची साथ होती. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडरांना हवा-पेट्रोल आत घेणारे पोर्ट दोनच; शेजारच्या दोन सिलिंडरांनी एक वाटून घ्यायचा. चॅपमनने त्या पोर्टात पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला जणू स्वतःची वाट करून दिली. शेजाऱ्याची हवा चोरणं थांबलं. इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं आणि मार्क ३ बाकीच्यांना मागे टाकू लागली. पुढे नियम बदलून ही युक्ती बंद झाली. पुष्कळ लेखक हे प्रतिभेवर अन्याय झाल्यासारखं लिहितात. मला तसं वाटत नाही. ज्या स्पर्धेत उतरण्याची ऐपत शाळामास्तरालाही असावी, तिथे एका माणसाच्या करामतीमागे सगळ्यांना नवं इंजिनकाम करायला लावणं योग्य नव्हतं. चॅपमनला पुढे जायला जागा होतीच.

तो गेलाही. १ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग सुरू झालं, हॉर्न्सीत त्याच्या वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात, हेझलने दिलेल्या २५ पौंडांवर. पुढची तीन वर्षं तो दिवसा ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करत होता. मार्क ६ त्याने सुट्या भागांत विकली. तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, भागांवर नाही. म्हणून गिऱ्हाईकही आपापल्या गॅरेजात पाने घेऊन बसलं. १९५७ची लोटस सेव्हन त्याच वाटेने आली, आणि १९७३ मध्ये तिचे हक्क घेतलेली केटरहॅम कंपनी ती आजही बनवते. १९६३ साली जिम क्लार्कने फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवलं ते लोटस २५मध्ये. तिची चासी म्हणजे पत्र्याचं भार उचलणारं कवच होतं.

क्लबच्याच वर्तुळातल्या एरिक ब्रॉडली यांनी ‘ब्रॉडली स्पेशल’ या घरगुती गाडीपासून लोला कंपनी उभी केली. १९६६ची इंडियानापोलिस ५०० लोलाने जिंकली. न्यूझीलंडमध्ये, पुढे मॅकलॅरन संघ काढणाऱ्या ब्रूस मॅकलॅरन या पोराची पहिली गाडी होती वडिलांनी घेतलेली जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर.

आपल्याकडे, भारतात, ७५० फॉर्म्युल्यामागच्या विचाराच्या सर्वांत जवळ गेले ते कोइम्बतूरचे एस. करिवर्धन. मारुती ८००चं इंजिन देशात सगळीकडे मिळायला लागल्यावर त्यावर त्यांनी एकआसनी रेसकार बांधल्या, त्याच फॉर्म्युला मारुती. गल्लोगल्ली दुरुस्त होणारं इंजिन निवडण्यात ७५० क्लबचीच दृष्टी होती. नारायण कार्तिकेयनने शर्यतीची सुरुवात अशाच गाडीने केली. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइम्बतूरच्या ट्रॅकला त्यांचं नाव आहे.

७५० फॉर्म्युला अजून सुरू आहे. ऑस्टिनचे भाग दुर्मीळ झाले तसं इंजिन बदलत गेलं, आधी रिलायंटचं, मग फियाटचं. रॉन चॅम्पियन यांनी १९९६ साली पुस्तक लिहून लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी २५० पौंडांत, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून, घरी कशी बांधायची ते दाखवलं. त्या गाड्यांच्या स्वतंत्र शर्यती याच क्लबने भरवल्या. आज कुणाला या कामात हात घालायचा असेल तर चासीसाठी पहिला पोलादी नळ कापण्याआधी ज्या शर्यतीत उतरायचं तिचं नियमपुस्तक घ्यावं. डोक्यावरच्या कमानीच्या नळाचा व्यास आणि जाडी, सीटबेल्टचे टेकू, पेट्रोलच्या टाकीची जागा, आग विझवण्याची सोय हे सगळं तिथे ठरलेलं असतं, आणि चासी त्याभोवतीच आखावी लागते.