फेसच्या जुन्या बाजारात, गाइडच्या मागोमाग

सकाळी नऊला गाइड बाब बू जलूदच्या वेशीपाशी उभा असतो, गळ्यात सरकारी परवान्याचं ओळखपत्र. कमान बाहेरून निळी, आतून हिरवी. ती फार पुरातन वाटते, पण बांधलेली आहे १९१३ साली. तिच्या आत मोरोक्कोतलं फेस अल-बाली सुरू होतं. ही वस्ती नवव्या शतकापासूनची आणि १९८१पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली. गल्ल्यांत मोटार शिरत नाही, ओझी गाढवांवर आणि हातगाड्यांवर जातात. म्हणून पहिली सूचना अशी, की मागून ‘बालाक!’ अशी आरोळी आली की भिंतीला चिकटायचं.

साडेनऊला बू इनानिया मदरसा. चौदाव्या शतकात मरीनी सुलतान अबू इनानने तो बांधवला. खाली झेलीज फरशांची नक्षी, वर कोरीव गिलावा, त्याहून वर देवदाराचं लाकूड. इथे घाई करू नये. पुढे बाजारात जे विकायला दिसतं, त्यातल्या कितीतरी कसबांची कमाल या एका चौकात आहे.

मग तालआ कबीरा या गल्लीचा लांब उतार. अकराच्या सुमारास अत्तारांचा बाजार लागतो, मसाले आणि सुगंधी द्रव्यांचा. त्याच्याच टोकाला, परंपरेनुसार ८५९ साली फातिमा अल-फिहरीने स्थापलेली अल-करवीय्यीन मशीद आहे. मुस्लिमेतरांना आत प्रवेश नाही, दारातूनच अंगण पाहायचं. या शहराची घडण मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते. मशिदीला खेटून सुगंधाचे आणि पूर्वी पुस्तकांचे धंदे, आणि वास मारणारी, पाणी मागणारी कामं खाली नदीकडे.

जवळच सेफारीन चौक. तांबट भांडी ठोकत बसलेले, बोलणं ऐकू येणार नाही असा ठणठणाट. लग्नकार्याच्या मोठमोठ्या कढया इथेच घडतात.

साडेबाराला चुआराची चामडं कमावण्याची जागा. चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून खाली दगडी हौद दिसतात. दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो, ती नाकाशी धरायची. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा: चुन्याने केस सुटतात, विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं. मग रंगाचे हौद, त्यांत मांडीपर्यंत उतरून माणसं कातडी तुडवतात. उन्हाळ्यातही. हे दहा मिनिटं उभं राहून पाहिलेल्या माणसाने पिवळ्या बाबूश जोड्यासाठी कवडीमोल भाव सांगायला धजू नये.

दीडला बिसारा: सुक्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरं, सोबत पाव. मग पुदिन्याचा चहा.

खरेदी तीननंतर, आणि हाच क्रम योग्य. अनेक दुकानांतून गाइडला दलाली मिळते, ती शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते. प्रामाणिक गाइड हे आधीच सांगतो, आणि दुकानाआधी कारखाना दाखवतो. काम पाहिलेलं असलं की घासाघीस भांडण राहत नाही. दुकानदार चढा भाव सांगतो, आपण आपला आकडा सांगतो, मध्ये चहा येतो. पटलं नाही तर आभार मानून उठावं. मात्र आपण सांगितलेला आकडा त्याने मान्य केला, की मागे फिरू नये.

साडेपाचला गाइड पाहुण्यांना रसीफ चौकात टॅक्सीशी सोडतो. शुक्रवारी मात्र हा बेत फसतो, कारण जुम्म्याच्या नमाजाला बरीच दुकानं बंद होतात आणि कित्येक दिवसभर उघडत नाहीत. त्या दिवशी मदरसे आणि गल्ल्या पाहाव्यात, खरेदी शनिवारवर टाकावी.